कार्यक्रम-दिनदर्शिकेचे मॉड्यूल खुले करण्यापूर्वी: वेळ, तिथी आणि चाचण्या

नागपुरातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी तुम्ही ड्रुपल या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीत कार्यक्रमांच्या दिनदर्शिकेचे मॉड्यूल (वेगळे जोडता येणारा भाग) तयार केले आहे आणि ते आता खुल्या परवान्याखाली सर्वांना द्यायचे आहे. तुमचे प्रश्न तीन आहेत: तारखा आणि वेळा डेटाबेसमध्ये कशा साठवाव्यात, चाचण्या नेमक्या कशाच्या लिहाव्यात, आणि पहिली स्थिर आवृत्ती केव्हा जाहीर करावी. कामाच्या वर्णनावरून असे दिसते की तुमचा बहुतेक वेळ महिन्याच्या चौकटी, त्यांचे रंग आणि मोबाइलवरचे त्यांचे रूप यांवर गेला. ते श्रम वाया गेले असे मी म्हणणार नाही. पण चौकटी उद्याही बदलता येतात. तारीख चुकीच्या अर्थाने साठवली गेली आणि मॉड्यूल शेकडो संकेतस्थळांवर बसले, की ती दुरुस्त करणे म्हणजे तितक्या ठिकाणी परक्याच्या डेटाला हात घालणे होय.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोडच्या आधी कागदावर लिहून काढावे. वाचनालयाच्या फलकावर वर्षभरात लागलेल्या सूचना समोर घ्या आणि प्रत्येक सूचनेतील 'केव्हा' या शब्दाचा अर्थ लावत जा. रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृहात सायंकाळी साडेसहा वाजता व्याख्यान आहे; ही नागपूरच्या घड्याळातली वेळ आहे आणि ऐकणारा कोठूनही येवो, ती तीच राहते. २ ऑक्टोबरला वाचनालय बंद राहील. येथे वेळ मुळी नाहीच, केवळ तारीख आहे. दर शनिवारी रात्री आठ वाजता ऑनलाइन अभ्यासवर्ग असतो आणि त्यात न्यू जर्सीत स्थायिक झालेले काही जुने सभासदही बसतात. आपले घड्याळ वर्षभर जागचे हलत नाही, पण त्यांच्याकडे हाच वर्ग उन्हाळ्यात सकाळी साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेनऊला येतो. आणि विजयादशमीला होणारा कार्यक्रम घेतला, तर तेथे इंग्रजी तारीखदेखील निश्चित नाही, तिथी निश्चित आहे. हे चार वेगळे प्रकार आहेत, आणि चारही एकाच खान्यात कोंबले की पुढची सगळी दुखणी तेथून सुरू होतात.

'सर्व वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या सामायिक प्रमाणवेळेत, साठवा' हा सल्ला तुम्हाला सर्वत्र मिळेल. घडून गेलेल्या गोष्टींच्या नोंदींसाठी तो योग्य आहे. पुढे घडायच्या कार्यक्रमांसाठी मात्र तो अपुरा आहे, कारण संयोजकाने वचन दिलेले असते ते स्थानिक घड्याळाचे, यूटीसीचे नव्हे. ड्रुपलचे मूळ दिनांक-फील्ड वेळ यूटीसीत साठवते आणि वेळेच्या क्षेत्राचे नाव जवळ ठेवत नाही. त्यामुळे तुमच्या मॉड्यूलने स्थानिक वेळ, 'एशिया/कोलकाता' असे क्षेत्राचे पूर्ण नाव, आणि शोध व क्रमवारी सोपी व्हावी म्हणून त्यावरून काढलेली यूटीसी वेळ, अशा तीन गोष्टी ठेवाव्यात. पहिल्या दोन खऱ्या. तिसरी त्यांच्यापासून पुन्हा केव्हाही काढता आली पाहिजे. केवळ 'अधिक साडेपाच तास' एवढे साठवणे पुरेसे नाही. भारतातसुद्धा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, घड्याळे एक तास पुढे होती, आणि एखाद्या संस्थेने आपला जुना इतिहास तुमच्या दिनदर्शिकेत भरला तर हा तपशीलही अंगावर येऊ शकतो.

पूर्ण दिवसाच्या नोंदींचे एक उदाहरण जवळून पाहावे, कारण ही चूक आपल्याकडे हमखास होते. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने २ ऑक्टोबर अशी तारीख वर्ष, महिना, दिवस या तीन आकड्यांपासून बनवली की ती नागपूरच्या मध्यरात्रीची वेळ होते. ती सर्व्हरला पाठवताना प्रमाणित स्वरूपात बदलली की यूटीसीप्रमाणे १ ऑक्टोबरचे १८:३० होतात, आणि सर्व्हरने त्यातील केवळ तारखेचा भाग उचलला की गांधी जयंतीची सुट्टी एक दिवस आधी लागते. अमेरिकेतील विकासकाच्या संगणकावर ही चूक दिसतच नाही. त्याला नेमकी उलटी चूक दिसते, कारण तीच तारीख अक्षरांच्या रूपात दिली तर जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र समजते आणि त्याच्या पडद्यावर आदला दिवस उमटतो. दोघेही आपापल्या ठिकाणी 'माझ्याकडे तर बरोबर चालते' असे म्हणतात, आणि दोघेही खरे बोलत असतात. पूर्ण दिवसाची तारीख ही साधी अक्षरे म्हणून साठवावी आणि तिला वेळेच्या कोणत्याही रूपांतरातून जाऊ देऊ नये.

आता तिथीकडे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्या दिवशी विजयादशमी होती. त्यामुळे दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाशी १४ ऑक्टोबर ही तारीख आणि अशोक विजयादशमी अशा दोन खुणा जोडलेल्या आहेत. पहिली खूण 'दरवर्षी, ऑक्टोबर, १४' अशा नियमात चटकन बसते. दुसरी मात्र २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आली, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला, आणि २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक मास असल्यामुळे ती २० ऑक्टोबरला गेली. दिनदर्शिकांच्या देवाणघेवाणीचे जे सर्वमान्य मानक आहे, आयकॅलेंडर, म्हणजे २००९ चे आरएफसी ५५४५ (आरएफसी हे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज), त्यातील पुनरावृत्तीचे नियम ग्रेगोरियन कालगणनेपुरतेच आहेत. २०१५ च्या आरएफसी ७५२९ ने इतर कालगणनांसाठी सोय केली, परंतु ती कालगणनांच्या ज्या सामायिक यादीवर उभी आहे तिच्यात आपले राष्ट्रीय शक पंचांग आहे, आणि २२ मार्च १९५७ पासून लागू झालेले ते पंचांग सौर असल्यामुळे त्यात तिथी नाहीत. शिवाय ही सोय वाचू शकणारी ॲप्स मोजकीच आहेत.

तेव्हा मॉड्यूलने स्वतः पंचांग गणित करण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. संकष्टी चतुर्थीचेच पाहा. ती चंद्रोदयाला कोणती तिथी आहे यावर ठरते. नागपूर मुंबईच्या सुमारे सहा अंश पूर्वेला असल्याने येथे चंद्र साधारण वीस-पंचवीस मिनिटे आधी उगवतो, आणि तिथी नेमकी त्या दरम्यान बदलत असेल तर दोन शहरांचा उपवास वेगळ्या दिवशी येऊ शकतो. टेकडी गणपतीच्या दर्शनाच्या रांगेचे वेळापत्रक टाकणाऱ्या संस्थेला 'मॉड्यूलने असे काढले' हे कारण पुरणार नाही. त्याऐवजी नियमाच्या जागी तारखांची उघड यादी देता येईल असे करा. मानकात तिची सोय आहेच, आणि प्रत्येक दिनदर्शिका-ॲप ती वाचू शकले नाही तरी निर्यातीत त्या तारखा सुट्या कार्यक्रमांच्या रूपात देता येतात. वर्षातून एकदा पंचांग उघडून एका माणसाने त्या तारखा भराव्यात. यात एक भर घातली तर विदर्भातील वापरकर्ते तुम्हाला दुवा देतील: एका नोंदीची तारीख दुसऱ्या नोंदीवरून ठरवण्याची सोय. तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते. पोळ्याची तारीख कोणी दुरुस्त केली की मारबतही आपोआप सरकली पाहिजे.

निर्यातीच्या फाइलबद्दल तुम्ही फक्त 'ती गूगल कॅलेंडरमध्ये उघडते' एवढेच लिहिले आहे. तेवढ्यावर समाधान मानू नका, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी शहरातील एका सांस्कृतिक संस्थेसाठी मी असेच निर्यातीचे काम केले होते. मानक सांगते की फाइलमधील कोणतीही ओळ पंचाहत्तर बाइट्सपेक्षा (बाइट हे संगणकातील साठवणीचे एकक) लांब असू नये. ती लांब झाली तर तोडून पुढच्या ओळीच्या आरंभी एक मोकळी जागा द्यावी. मी ओळ पंचाहत्तराव्या बाइटला तोडत होतो. चाचणीसाठी मी 'कविवर्य सुरेश भट सभागृह, रेशीमबाग, नागपूर' हे स्थळ घेतले होते आणि सर्व काही सुरळीत चालले. संस्थेने पहिला खरा कार्यक्रम टाकला तो 'सायंटिफिक सभागृह, लक्ष्मीनगर, नागपूर' येथे, आणि काही सभासदांच्या फोनवर लक्ष्मीनगरच्या मधोमध काळ्या चौकोनातली प्रश्नचिन्हे उमटली.

कारण शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि सापडले तेव्हा ते निव्वळ बेरजेचे निघाले. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्त धरून, तीन बाइट्स घेते. ओळीच्या आरंभी स्थळासाठी येणारा LOCATION हा इंग्रजी शब्द आणि त्यानंतरचा अपूर्णविराम (:) मिळून नऊ बाइट्स होतात; स्वल्पविरामाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, म्हणून तो दोन बाइट्सचा होतो. सुरेश भट सभागृहाच्या बाबतीत पंचाहत्तरावा बाइट 'सभागृह' नंतरच्या स्वल्पविरामापुढील मोकळ्या जागेवर पडत होता, म्हणजे कात्री योगायोगाने दोन शब्दांच्या मधे चालत होती. सायंटिफिक सभागृहाच्या बाबतीत तोच बाइट 'लक्ष्मीनगर' मधील 'म' चा दुसरा बाइट होता. दोन बाइट्स वरच्या ओळीत राहिले आणि तिसरा खाली गेला. जी ॲप्स आधी बाइट्स जोडून मग अक्षरे वाचतात त्यांना काही जाणवले नाही; जी आधी अक्षरे वाचतात त्यांचा 'म' फुटला. इंग्रजी मजकुरावर चाचण्या करणाऱ्याला ही चूक आयुष्यात सापडणार नाही, कारण तेथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. तुमच्या चाचणीत स्थळाच्या नावाच्या आधी एक, दोन, तीन असे बाइट्स वाढवत जाणारी मालिका असू द्या, म्हणजे कात्री प्रत्येक शक्य जागी पडून पाहता येईल.

त्याच फाइलमधील दुसरा सापळा म्हणजे पूर्ण दिवसाच्या कार्यक्रमाची शेवटची तारीख. मानकानुसार ती धरून मोजायची नसते: फक्त २ ऑक्टोबरचा कार्यक्रम २ रोजी सुरू होऊन ३ रोजी संपतो असे लिहावे लागते. फॉर्म भरणारा माणूस मात्र '२ ते ४' म्हणतो तेव्हा चार तारीख त्याच्या हिशेबात असते. हे रूपांतर कोडमध्ये एकाच ठिकाणी ठेवा. मी असे एक मॉड्यूल पाहिले आहे ज्यात ते निर्यातीत एकदा आणि दाखवताना पुन्हा एकदा होत असे, आणि तीन दिवसांचे शिबिर पाच दिवसांचे दिसत असे.

पुनरावृत्तीचे नियम उलगडण्याचा कोड स्वतः लिहू नका. ड्रुपल ज्या भाषेत लिहिले आहे त्या पीएचपीसाठी खुल्या परवान्याच्या चांगल्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) उपलब्ध आहेत. सेबर व्हीऑब्जेक्ट ही त्यांपैकी एक. तरीही नियमांचा अर्थ तुम्हाला माहीत हवा, कारण तक्रारी तुमच्याकडे येणार आहेत. 'दर महिन्याच्या ३१ तारखेला' असा नियम वर्षातून सातच वेळा लागू होतो. उरलेले पाच महिने तो गुपचूप वगळला जातो, आणि वापरकर्त्याला अपेक्षित असतो तो महिन्याचा शेवटचा दिवस. फॉर्मवरच हे दोन पर्याय वेगळे दाखवा. 'दुसरा शनिवार' आणि 'शेवटचा रविवार' हे आपल्याकडचे नेहमीचे प्रकार. ते मानकात सरळ बसतात.

खरी कसोटी मालिकेतील एकच दिवस बदलताना लागते. मे महिन्यातल्या नागपुरात दुपारी चार वाजता काव्यवाचन ठेवण्याचे धाडस कोणी करत नाही, त्यामुळे वर्षभर दुपारी चारला होणारी मासिक बैठक मे महिन्यापुरती सायंकाळी सातवर जाते. अशा वेळी वापरकर्त्याला 'फक्त हा दिवस', 'हा आणि पुढचे सर्व' आणि 'संपूर्ण मालिका' असे तीन पर्याय मिळाले पाहिजेत. नंतर त्याने संपूर्ण मालिकेचा वार बदलला तर मे महिन्यातला अपवाद टिकायचा की पुसायचा, हे तुम्ही ठरवून लिहून ठेवले पाहिजे. मी टिकवण्याच्या बाजूचा आहे, परंतु त्याहून महत्त्वाचे हे की सोबतच्या माहितीत ते एका वाक्यात सांगितलेले असावे. रद्द झालेला कार्यक्रम डेटाबेसमधून पुसू नये. त्याला 'रद्द' ही स्थिती द्यावी आणि फीडमधील (ॲप्स वेळोवेळी पुन्हा वाचतात त्या निर्यातीमधील) त्याचा आवृत्ती-क्रमांक एकने वाढवावा, नाहीतर ज्यांनी हे फीड फोनमधील दिनदर्शिकेला जोडून घेतले असेल त्यांपैकी काही लोक बंद सभागृहाच्या दारात उभे राहतील.

चाचण्यांविषयी तुमचा प्रश्न 'किती' असा नव्हता, 'कशाच्या' असा होता, आणि तो योग्य आहे. कोडचे नव्वद टक्के भाग चाचण्यांखाली आणले म्हणून मॉड्यूल भरवशाचे होत नाही. पहिली अट अशी की कोडमध्ये कोठेही 'आत्ता किती वाजले' हे थेट विचारलेले नसावे. ड्रुपलमध्ये वेळ सांगणारी स्वतंत्र सेवा आहे. तिच्यामार्फतच वेळ घ्या, म्हणजे चाचणीत घड्याळ हव्या त्या क्षणी थांबवता येते. दुसरी अट, त्याच चाचण्या निरनिराळ्या क्षेत्रांत चालवा. ड्रुपलच्या मूळ चाचण्या मुद्दाम सिडनीच्या वेळेवर चालतात, कारण ते क्षेत्र यूटीसीपासून दहा तास पुढे आहे आणि तेथे घड्याळ ऋतूनुसार बदलते. तुम्ही त्यात कोलकाता, न्यूयॉर्क आणि काठमांडू जोडा; शेवटच्या क्षेत्राचा फरक पावणेसहा तासांचा असल्याने 'अर्ध्या तासापर्यंतच विचार केला' अशा कोडची तेथे भंबेरी उडते.

उरलेल्या चाचण्यांपैकी दोन मी सर्वांत वर ठेवीन. एकच फाइल दोनदा आयात केली तर कार्यक्रम दुप्पट होता कामा नयेत. प्रत्येक नोंदीचा कायमचा ओळख-क्रमांक नीट सांभाळला आहे की नाही हे त्यावरून कळते. दुसरी, निर्यात करा, रिकाम्या संकेतस्थळावर आयात करा, पुन्हा निर्यात करा, आणि दोन फाइली ताडून पाहा. निर्मितीची वेळ सोडून काहीही वेगळे निघाले तर ती चूक समजा. या चाचण्यांसाठी 'टेस्ट १', 'टेस्ट २' अशी नावे वापरू नका. वाचनालयाच्या फलकावरील खऱ्या सूचना घ्या: जोडाक्षरे, अवतरणचिन्हे, दोन ओळींची स्थळे, मध्यरात्र ओलांडणारी कोजागरीची मैफल, सर्व काही त्यात आपोआप येते. सभासदांचे फोन नंबर मात्र आधी काढून टाका, कारण ही फाइल कोडबरोबर जगभर जाणार आहे.

मध्यरात्रीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 'आजचे कार्यक्रम' हा घटक ज्या पानावर आहे ते पान कॅशेमध्ये, म्हणजे आधी तयार करून ठेवलेल्या प्रतींमध्ये, अडकले तर सकाळी वाचकाला कालचे कार्यक्रम दिसतात. घटकाला दिलेले कमाल वय (त्याची प्रत किती वेळ वापरावी ती मर्यादा) पानाच्या कॅशेपर्यंत पोहोचलेच असेल असे गृहीत धरू नका. घड्याळ २३:५९ वर थांबवून पान मागा, मग ००:०१ वर नेऊन, लॉगइन न केलेल्या वाचकाच्या रूपात पुन्हा मागा. सर्व्हर यूटीसीवर असेल तर त्याची मध्यरात्र आपल्या पहाटे साडेपाचला होते, आणि ही चूक पकडायला पहाटे उठून बसण्याची पाळी येते.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. बाहेरून आयात केलेल्या फीडमधील वर्णन हा परका मजकूर आहे, तो शुद्ध केल्याशिवाय पानावर छापू नये. 'दर सेकंदाला' अशी पुनरावृत्ती सांगणाऱ्या फाइलपुढे सर्व्हर लोटांगण घालतो, म्हणून उलगडायच्या नोंदींना मर्यादा घालावी. आणि पानावर न दिसणारा खासगी कार्यक्रम फीडमधून बाहेर पडत नाही ना, याची वेगळी चाचणी असावी, कारण परवानग्या पानाला लावून फीडला लावायचे राहून जाणे ही फार जुनी खोड आहे. 'पुढचा महिना' हा दुवाही अमर्याद ठेवू नका. शोधयंत्रांचे बॉट तो धरून शतकानुशतके पुढे चालत जातात आणि स्वस्तातल्या होस्टिंगवरचे संकेतस्थळ त्यात बसते.

मराठी रूपाबाबत दोन गोष्टी. ब्राउझरला मराठी तारीख मागितली की तो मुळातच देवनागरी अंक देतो. मग वापरकर्ता तेच अंक नक्कल करून शोधाच्या रकान्यात टाकतो आणि पीएचपीला ते आकडे वाटत नाहीत. दोन्ही प्रकारचे अंक स्वीकारा. आणि भाषांतरासाठी वाक्ये तोडू नका. 'सोमवार' पुढे प्रत्यय जोडून 'सोमवारी' होईल, पण 'आठवडा' पुढे 'त' चिकटवून 'आठवड्यात' होत नाही. संपूर्ण वाक्य भाषांतरकाराच्या हाती द्या, तारखेसाठी जागा सोडा, आणि उरलेले त्याच्यावर सोपवा. महिन्याची मांडणीही एकच आहे असे समजू नका. आपल्या भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत वार डावीकडे एकाखाली एक असतात आणि आठवडे उजवीकडे सरकतात, आणि ज्येष्ठ सभासदांना तीच मांडणी ओळखीची असते.

परवान्याचा प्रश्न ड्रुपलच्या बाबतीत जवळपास सुटलेलाच आहे: ड्रुपलच्या अधिकृत भांडारात ठेवलेला कोड जीपीएल या खुल्या परवान्याच्या दुसऱ्या किंवा पुढील आवृत्तीखालीच द्यावा लागतो. तुम्ही चौकटींसाठी फुलकॅलेंडर ही तयार लायब्ररी वापरत असाल तर त्याचा मुख्य भाग एमआयटी परवान्याचा आहे आणि तो जीपीएलशी जुळतो. त्याच्या प्रीमियम प्लगिनांच्या अटी वेगळ्या आहेत, त्या वाचल्याशिवाय हात लावू नका.

राहिला शेवटचा प्रश्न. आधी अल्फा, म्हणजे प्राथमिक चाचणीची, आवृत्ती द्या आणि ती तुम्ही न ओळखत असलेल्या दोन-तीन संस्थांना वापरू द्या. ओळखीचे लोक फोनवर विचारून काम भागवतात आणि माहितीपत्रातील त्रुटी झाकलेल्याच राहतात. त्या काळात डेटाबेसची रचना एकदा तरी बदलावी लागेल, आणि लागलीच नाही तर मुद्दाम एखादा लहानसा बदल करून पाहा, कारण जुन्या आवृत्तीवरून नव्यावर जाण्याची वाट भरलेल्या डेटासह चालून पाहिल्याशिवाय स्थिर आवृत्तीचे नाव घेऊ नये. माझ्या हिशेबात एक दसरा आणि एक ३१ डिसेंबर त्या अल्फाने खऱ्या संकेतस्थळावर काढलेला असावा. तुमच्या वाचनालयाच्या फलकावर येत्या वर्षाच्या सूचना लागू लागतील, तेव्हा त्यांतील पहिली सूचना हाताने न लिहिता मॉड्यूलमधून छापून लावून पाहा, आणि ग्रंथपालांनी तिच्यावर पेनाने काय दुरुस्त केले ते मॉड्यूलच्या इश्यूंच्या, म्हणजे नोंदवलेल्या त्रुटींच्या, यादीत नोंदवा.